टोकाचा नळ

नाव सर्जेराव, आडनाव पिसाळ.
पणजोबा म्हणे घोड्यावरून लश्करात आले.
पणतू सायकलवरून यायचा, पहाटे पावणेचारला,
दांडीला फडक्यानं बांधलेली लोखंडी चाबी,
उभी केली तर छातीपर्यंत येणारी.
चावी म्हटलं की हसायचा:
"चावी कुलपाची असते. ही चाबी."

जनकगंजच्या उतारावर, आमच्या दारासमोर
रस्त्यात एक झाकण होतं.
ते सरकवून, गुडघे टेकून, चाबी आत,
आणि साडेअकरा फेरे.
अर्धा फेरा कशासाठी, मी कधी विचारलं नाही.

गल्लीला तो माहीत होता शिव्यांपुरता.
पाणी गढूळ: पिसाळ. पाणी कमी: पिसाळ.
तिघऱ्याचा तळ दिसू लागला त्या वर्षी
एक दिवसाआड चाळीस मिनिटं, त्यालाही पिसाळ.
आडनावावरचे सगळे विनोद करून झाले होते.
तो खिशातून पट्टा तुटलेलं घड्याळ काढायचा,
बघायचा, परत ठेवायचा.

मेच्या अखेरीस मंजिरीचं, माझ्या बहिणीचं लग्न.
घरात साठ माणसं, दोन टाक्या,
आणि दिवसातून दोनदा आंघोळ करणारे उज्जैनचे मामा.
आईनं पाचशेची नोट माझ्या हातात कोंबली:
"जा, त्याला म्हणावं, दहा मिनिटं जास्त."

लू रात्रीही उतरली नव्हती,
झाकणाचं लोखंड कोमट होतं.
त्यानं नोट पाहिली, तिची घडी केली,
माझ्याच खिशात घातली, वर बटणही लावलं.
"दहा मिनिटं माझ्याकडं कुठं आहेत, भैया?
ती टेकडीवरच्यांची.
शेवटून तिसरा नळ रुखसाना बींचा,
मग कुशवाहांचा, त्यांची सून ओली बाळंतीण आहे,
मग आणखी एक घर.
खाली दहा दिली, की वर नुसती हवा जाते.
फुस्स."
हे म्हणताना हसला. समोरचा एक दात नव्हता.

घरी येऊन मी सांगितलं, माजलाय.
आणि टुल्लू लावला.
सगळेच लावायचे.
(अजूनही हे सांगताना मी
"सगळेच" पुढं करतो, स्वतः मागं राहतो.)

लग्नाच्या सकाळी दारात सायकल.
कॅरिअरवर दोन कॅन, तोंडाला पॉलिथिन बांधलेलं.
"घरचं आहे," एवढंच बोलला.
अक्षतांना थांबला नाही,
कंपूचं झाकण अजून उघडायचं होतं.
मामांनी त्या पाण्यानं दुसरी आंघोळ केली.

पुढं कधीतरी तो निवृत्त झाला.
शाल नाही, नारळ नाही.
चाबी जमा केल्याची पावती तेवढी मिळाली असेल.

मतदारयादीच्या ड्यूटीवर परवा टेकडी चढलो.
गळ्यात शाळेचं ओळखपत्र, काखेत फॉर्म.
रुखसाना बी. मयत, असं नातवानं लिहायला सांगितलं.
कुशवाहा, सहा मतं.
मग आणखी एक घर.
दारावर खडूनं लिहिलेलं आडनाव
वाचायच्या आधीच मला कळलं होतं.

त्याची बायको घागरी पालथ्या घालत होती.
तो आत, खाटेवर, भिंतीकडं तोंड करून झोपलेला.
तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, ओळख पटवली,
आणि विचारलं,
"आमचे दोन कॅन तुमच्याकडंच राहिले का हो?"

चौदा वर्षांनी.
एक आईनं कापून त्यात कोथिंबीर लावली होती.
दुसरा सापडला. घासला. भरून नेऊन दिला.
तिनं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली,
"रिकामा चालला असता."

आता व्हॉल्व्ह मोटारीवर फिरतो,
रस्त्यातल्या झाकणाला कुलूप आहे.
पहाटे नळ येतो तेव्हा टुल्लूचं बटण
माझ्या उजव्या हाताच्या टप्प्यात असतं.
काही दिवशी मी दाबतो.
काही दिवशी दोन बादल्या भरून तोटी बंद करतो
आणि भिंतीला कान लावून उभा राहतो:
पाइपात आधी हवा, मग खोकला,
मग काहीतरी
चढ चढत वर जातं.